करवती काठाचा झेंडा

ताई,

वर 'प्रिय' लिहिलं नाही, ते पाहून घे. विसरली नाही मी. लिहायचं की नाही ते अजूक ठरलं नाही, म्हणून जागा सोडली आहे.

आज अक्षय तृतीया. आंगणात तुळशीपाशी तीन नव्या घागरी मांडल्या. एक बाबाची, एक मायची. त्या दोन्ही सकाळीच भरल्या, वर आंब्याचा टहाळा नि पिकलेलं गोड डांगर ठेवलं. तिसरी तुझी आहे, नि ती रिकामी आहे. पुरण शिजलं, चिंचवणी झाली, निखाऱ्यावर पितराचा घास टाकायची वेळ होऊन राहिली, नि मी घागर भरायचं सोडून कागद घेऊन बसली!

सकाळी काका येऊन गेले. ओसरीवरूनच म्हणे, "इंदे, तिसरी घागर कोणाची मांडली?" मी म्हटलं, "ताईची." तर म्हणे, "लेकीची घागर माहेरी भरत नाही. तिच्या सासरच्यांनी भरावी." मी म्हटलं, "काका, सासर कोणत्या गावाले आहे ते सांगा, मी आताच निरोप पाठवते." गेले मंग तणतणत. आंधळगावात माझ्या तोंडाले लागून कोणी जिंकलं नाही, हे तुले माहीतच आहे.

पण खरं सांगू? काकाच्या बोलण्यानं मी थांबली नाही. तुझ्या सासरचे लोक पितरपाख पाळतात म्हणे, पण घागर त्याईले माहीत नाही. म्हणजे मी नाही भरली तर कोणीच भरणार नाही नि तू तिकडे तहानलेली राहशील. तेही कळते मले. पण माय म्हणे ना, मनात राग धरून भरलेलं पाणी पितराले लागत नाही. नि माझ्या मनात तर पोतंभर राग आहे वो ताई! तो आधी बाहेर काढते. मंग पाहू घागरीचं.

सुरुवातीपासून सुरू करू?

तू नर्सचं शिकाले नागपूरले गेली, तेव्हा बाबा स्वतः तुले भंडाऱ्यापर्यंत पोहोचवाले गेले होते. विणकराची पोरगी पांढरी टोपी घालणार म्हणून सगळ्या गल्लीत सांगत फिरले. नि दोन वर्षांनी तू कोणाले घेऊन आली? सावळा, उंच, लाजरा माणूस. बोलत होता हिंदीच, पण आपल्या कोणाच्या हिंदीसारखी नाही. नागपूरले कॉलेजात शिकाले आला होता, सुरिनाम नावाच्या देशातून. बाबानं विचारलं, "हा देश कोठी आहे?" तर म्हणे दक्षिण अमेरिकेत. बाबानं विचारलं, "मंग तुमी आपल्यासारखे काहून दिसता?" तर म्हणे, माझ्या पणजोबाले इंग्रजाच्या काळात कलकत्त्याहून जहाजात घालून ऊस तोडाले नेलं होतं.

तिथपर्यंत सगळं ठीक होतं. चहाही झाला होता. मंग बाबानं विचारलं, "जात कोणची?" नि भाऊजी हसून म्हणाले, "बाबूजी, जहाज पर जो चढ़ा, सब जहाजी भाई. आगे का किसी को पता नहीं."

हसायचं काय होतं त्यात? तू तरी हसायला नको होतं! मी दाराआड उभी होती, मी पाहिलं तुले हसताना. बाबा उठले नि मागाच्या खोलीत गेले. लग्न तुमी नागपूरले कागदावर सही करून केलं. बाबानं त्या दिवसापासून तुझं नाव घेतलं नाही.

नि माझं काय झालं, ते तुले कोणी सांगितलं का? पवनीचं स्थळ आलं होतं. पोरगा शिकलेला, स्वतःचं कापडाचं दुकान. साखरपुड्याची सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. त्या लोकांच्या कानावर गेलं, मोठीनं बिनजातीचा नवरा केला. त्याईनं सुपारी परत पाठवली. मंग अजूक दोन आले, तेही तसेच गेले. त्याच्यानंतर बाबानंच पाहणं सोडलं. मी बाबाच्या मागावर बसाले शिकली. आज गावात लुगडं विणणारी बाई म्हणून लोक मले ओळखतात, नि मले ते आवडतेही. पण ते मी निवडलं नव्हतं. तू निवडलं नि मले भेटलं!

सुरिनामले जाताना मायनं तुले चोरून एक करवतीचं लुगडं दिलं होतं. तेवढंच तुझं माहेरून गेलेलं कापड. आठवते? बाबानं मायसाठी विणलेलं, मधाच्या रंगाचं कोशाचं रेशीम नि करवतीच्या दातासारखा लाल काठ.

मंग तिकडून तुझ्या चिठ्ठ्या यायच्या. पारामारिबो शहर, लाकडाची घरं, मोठी नदी. एकदा तू लिहिलं की तिकडेही धान होते, नि त्या मोठ्या बांध्यांमध्ये विमानातून बी फेकतात. मायनं ते बाबाले ऐकू जाईल असं मुद्दाम मोठ्यानं वाचून घेतलं माझ्याकडून. बाबानं ऐकलं नाही असं दाखवलं, नि संध्याकाळी पानठेल्यावर जाऊन सांगितलं! लोक असे हसले की काय सांगू. किती दिवस बाबा रस्त्यानं चालले की कोणी ना कोणी म्हणे, "काय गा, औंदा रोवणा विमानानं करता का?" एकदा बाबा घरी येऊन मले म्हणे, "खरं असंल का ते?" तुझं नाव न घेता तुझी चौकशी करायची, अशी रीत लागली होती त्या माणसाले.

मंग ते स्वातंत्र्य आलं.

पंच्याहत्तर सालचं. सुरिनाम नोव्हेंबरात स्वतंत्र होणार होता, नि तू त्याच्या आधीच्या महिन्यात चिठ्ठी लिहिली की आमी देश सोडून हॉलंडले चाललो. ज्या हॉलंडच्या हाताखालून देश सुटून राहिला, त्याच हॉलंडले! घर विकलं, विमानात जागा भेटत नाही, सगळे आपले लोक पळून राहिले, उद्या कोणाचं राज्य येईल नि आपलं काय होईल याची भीती वाटते, असं तू लिहिलं. मायनं ते दोनदा वाचाले लावलं. मंग म्हणे, "इंदे, स्वातंत्र्य आलं की लोक पळतात का वो? आपल्या इथं तर पेढे वाटले होते."

मलेही कळलं नव्हतं.

नि एक वर्ष झालं नाही तर तुमी त्याच स्वातंत्र्याचा वाढदिवस कराले निघाले! हेगमध्ये भाड्याचा हॉल, भजन, पुरी-भाजी, तिथल्या भाषेतली भाषणं. ज्याच्या भीतीनं पळाले त्याच्यासाठीच टाळ्या! हसू नको, मले खरंच विचारायचं आहे. त्या देशात तू किती राहिली? जेमतेम तीन-चार वर्षं. नि त्याच्यासाठी दर नोव्हेंबरात रडत होती म्हणे, झेंडा वर चढला की. आंधळगावात तू जन्मली, वाढली. या गावासाठी कधी एक टिपूस काढलं? काढलं असंल तर लिहिलं काहून नाही?

आता झेंड्याचं.

तू लिहिलं, हॉलसाठी झेंडा पाहिजे. बाजारात नायलॉनचे भेटतात, पण मले माझ्या माहेरच्या कोशाचा पाहिजे. हिरवा, पांढरा, लाल, पांढरा, हिरवा असे पट्टे नि मधात पिवळा तारा. सोबत रंगाचं चित्र. "सगळ्यांना दाखवीन, माझ्या घरचं काम कसं असते ते." हे तुझेच शब्द आहे, ताई.

मायनं भीत भीत बाबापुढे ते चित्र ठेवलं. आमाले वाटलं, फेकतील. बाबानं चित्र उजेडाले धरून पाहिलं. मंग म्हणे, "हिरवा रंग पक्का पाहिजे. तिकडे पाऊस असंल." बस, एवढंच! तुझ्या लग्नानंतर तुझ्या कामाविषयी बोललेलं ते पहिलं वाक्य. नि दुसऱ्या दिवशी सूत रंगवाले काढलं.

माय नि मी कोसे उकळले, मांडीवर सूत काढलं. तुझ्या झेंड्यातला पांढरा पट्टा पांढरा झाला नाही, कोशाचा रंग जातो कुठं? मधासारखाच राहिला. बाबा म्हणे, राहू दे, उन्हात पांढरा दिसंल. माग लावायच्या वेळी माय म्हणाली, "काठ?" बाबा म्हणे, "झेंड्याले काठ नसते." तर माय ओसरीवर बसूनच राहिली. म्हणे, "बिनकाठाचं कापड माहेरून लेकीले मी पाठवणार नाही. बिनकाठाचं कापड मेलेल्यावर घालतात. ती काही मेली आहे का?"

मंग बाबानं लाल सूत मागितलं.

करवतीच्या काठाले आडवं सूत टाकणारे तीन धोटे लागतात, तुले सांगाले पाहिजे का? एका माणसाचं काम नाही. मी बाबाच्या बाजूले बसून काठाचा धोटा टाकला. पहिल्यांदाच मले त्याईनं करवतीले हात लावू दिला. त्या झेंड्याच्या काठावर मी हे काम शिकली, नि आज त्याच्यावरच माझं पोट चालून राहिलं. तारा मी सुईनं भरला. पूर्ण झाला तेव्हा बाबानं तो आंगणात दोरीवर टाकला, नि दुरून पाहिला, नि जवळून पाहिला. शेजारची बाई विचारे, "कोणाच्या लग्नाचं आहे?" माय हसत होती.

नि तू तो परत पाठवला!

पार्सल फोडलं तेव्हा आमाले वाटलं तू काही भेट पाठवली. उघडलं तर आपलाच झेंडा. वर तुझ्या हातच्या चार ओळी. झेंड्याला काठ नसतो. लोक हसले, साडी आहे का म्हणाले. समितीनं घेतला नाही. काठ काढून परत पाठवा.

काठ काढून? ताई, तू कोणाच्या घरची? तुले माहीत नव्हतं करवतीचा काठ काढता येत नाही? तो शिवलेला नसते, आतल्या सुतात गुंतवलेला असते, कापला तर अख्खं कापड उसवते. हे त्या हॉलमधल्या लोकाईले माहीत नसंल. तुले माहीत होतं! नि मायनं काठ काहून घातला असंल, तेही तुले माहीत होतं. लहानपणापासून तेच ऐकत आली ना तू? बाकीचे हसले तर हसले. तू काहून त्याईच्या बाजूनं उभी झाली?

बाबानं चिठ्ठी वाचून घेतली, झेंड्याची नीट घडी घातली, पेटीत ठेवली नि मागावर जाऊन बसले. पुढच्या वर्षी गेले. त्याईच्या मनात काय होतं, मले शेवटपर्यंत कळलं नाही. पण मायचं मले माहीत आहे. माय सांगत राहे. येणाऱ्या-जाणाऱ्याले, मले, भिंतीले. "माझ्या काठानं पोरीची मान खाली गेली. परक्या मुलखात, परक्या लोकाईपुढे. ते म्हणतच होते काठ नसते, मीच ऐकलं नाही." मी किती समजावलं! शेवटी अंथरुणाले लागली, माणसं ओळखेनाशी झाली, तरी हे विसरली नाही. माझ्या पदराचा काठ बोटानं चाचपून विचारे, "ताई आहे का वो? रागावली का?"

माय गेली, तू आली नाही. मले माहीत आहे, पासपोर्ट, सुट्टी, दवाखान्यातली नोकरी. तुझं कार्ड आलं होतं. त्याच्यावर ट्यूलिपच्या फुलाचं चित्र होतं. इथं तेराव्याले आलेल्या बाया ते हातात घेऊन पाहत होत्या, लय सुंदर आहे म्हणत होत्या.

एवढं सगळं मनात घेऊन मी तुझ्या मरणाची तार वाचली. रडू आलं नाही. खोटं कशाले बोलू?

मंग होळीच्या आधी तुझी नणंद आली. तुझ्या अस्थी प्रयागले सोडल्या नि तिथून विचारत विचारत भंडाऱ्याले, नि भंडाऱ्याहून एसटीनं इथं. अंगात पँट, हातात स्वेटर, घामानं निथळत होती बिचारी. आंगणात आली नि वाकून माझ्या पाया पडली, मी लहान असून! मी तिले पाणी दिलं, पिठलं-भात वाढला. म्हणे, तुझ्या हातचं जेवण असंच लागत होतं.

मी तिले पेटी उघडून झेंडा दाखवला. दाखवला म्हणजे काय, भांडाले काढला! म्हटलं, हे पाहा, तुमच्या लोकाईनं हे परत पाठवलं होतं. तुमच्या स्वातंत्र्याले आमचा काठ चालला नाही.

तिनं तो उलगडला. काठावरून हात फिरवला. नि तिले एकदम रडू कोसळलं. म्हणे, "ई किनारी? भौजी तो हर साल ई किनारी लगावत रही!"

मले आधी कळलंच नाही. मंग तिनं सांगितलं. दुसऱ्या वर्षापासून, म्हणे, तू त्या नायलॉनच्या झेंड्याले आपल्या हातानं करवतीचा काठ शिवत होती. मायनं दिलेल्या लुगड्याचा काठ कापून! समितीचे म्हातारे भांडले, तू ऐकलं नाही. म्हणाली, बिनकाठाचं कापड मेलेल्यावर घालतात, नि आपण काही मेलेलो नाही. एक-दोन वर्षं ओरडले, मंग थकले. आता तर तिथं जन्मलेल्या पोराईले वाटते, त्या देशाच्या झेंड्याले लाल काठ असतेच. गेल्या नोव्हेंबरात, स्वातंत्र्याच्या दहाव्या वाढदिवसाले, तू तापात होती, तरी बसून काठ शिवला, नि जानेवारीत गेली.

नणंदेले वाटलं, हे ऐकून मले बरं वाटंल. ती माझ्या हातावर हात ठेवून बसली होती. नि माझ्या अंगाचा असा भडका झाला की उठून परसात गेली मी.

म्हणजे तुले सगळं माहीत होतं! पार्सल पाठवून एक वर्ष झालं नाही तर तुले कळलं होतं, तुझं चुकलं. तू मायचे शब्द जसेच्या तसे त्या लोकाईले ऐकवले, मायचं लुगडं कापलं, साऱ्या परक्या हॉलशी भांडली. नि मायले एक ओळ लिहिली नाही! एक ओळ, ताई! "माय, मी काठ लावला." एवढंच. कितीतरी वर्षं होती तुझ्याकडे. ट्यूलिपचं कार्ड घ्यायला दुकानात गेली, तेव्हा तरी आठवायचं होतं. तू तिकडे काठ शिवत होती नि ती इकडे काठ घातला म्हणून स्वतःले दोष देत मरून गेली!

लाज वाटली असंल तुले. बाबापुढे, आमच्यापुढे. परत पाठवलेलं कापड पुन्हा कोणत्या तोंडानं मागणार? वाटली असंल. बाबाचीच पोरगी तू, तुमा दोघाईले मनातलं सोडून सारं बोलता येत होतं. पण तुमच्या लाजेचं ओझं मायनं काहून वाहिलं?

झालं. सांगून झालं. राग संपला असं म्हणणार नाही, पण बोलायचं काही उरलं नाही. ऊन तुळशीवर आलं आहे.

आता उठते नि तुझी घागर भरते. काकाले जे बोलायचं ते बोलू दे, गावाले जे म्हणायचं ते म्हणू दे. पेटीतून झेंडा काढला आहे. तोच तुझ्या घागरीले गुंडाळते. हिरवा रंग बाबानं म्हटला तसा पक्काच निघाला, एवढ्या वर्षांत उडाला नाही. पांढरा पट्टाही उन्हात पांढरा दिसून राहिला.

शब्द देते, ताई. माझ्या अंगात दोन घागरी उचलायचं बळ आहे तोवर दर अक्षय तृतीयेले तुझी घागर याच आंगणात भरीन, याच कापडात गुंडाळीन, त्याचा काठ कोणाले कापू देणार नाही. नि तुझी घागर मी बाबाच्या बाजूले नाही ठेवणार. मायच्या घागरीले लावून ठेवीन, काठाले काठ लागंल अशी.

मले काही सांगू नको आता. तिले सांग.

तुझी,
इंदी